दोन टक्क्यांची हवा

सकाळी पावणेनऊ. पहिलं लेक्चर नऊचं. आमच्या मजल्यावरच्या खोल्यांची दारं धडाधड उघडतात आणि व्हरांड्यात जो वास सुटतो त्याला नाव देणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. समुद्र, चॉकलेट, बर्फ, मध्यरात्र असल्या नावांचे सात-आठ डिओ एकमेकांत घुसलेले. त्यावर कुणाच्या तरी न वाळलेल्या सॉक्सचा थर, आणि खालून मेसमधल्या पोह्यांची फोडणी. लॅबमध्ये निदान फ्यूम हूड तरी असतं!

गेल्या सेमिस्टरपर्यंत मीही यावर नुसते विनोद करायचो. मग एका सकाळी आमच्याच खोलीत तो प्रकार झाला. आम्ही तिघं राहतो. एकाला लहानपणापासून दमा आहे. दुसऱ्यानं व्हायवाला जायच्या घाईत खिडकी बंद असताना अर्धा डबा अंगावर रिकामा केला. पहिल्याचा श्वास असा अडकला की पंप दोनदा मारूनही सुटेना. रिक्षा करून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. दुपारपर्यंत तो परत आला, मेसमध्ये जेवलाही. पण त्या आठवड्याच्या हॉस्टेल मीटिंगला विषय एकच होता : स्प्रेवर सरसकट बंदी आणायची का? निम्मे म्हणाले, आणा. निम्मे म्हणाले, आमच्या पैशानं आम्ही काय लावायचं ते आम्ही ठरवू. रेक्टर सर म्हणाले, "बघू." मीटिंग संपली.

मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मला जे बोलायचं होतं ते दोन्ही बाजूंना बसणारं नव्हतं. ते इथे लिहितोय. माझं म्हणणं असं की भांडण स्प्रे हवा की नको याचं नाहीच. पुरुषानं लावायचा सुगंध म्हणजे तो खोलीत येण्याआधी त्याची वर्दी द्यायला पोचला पाहिजे, ही जी आपली समजूत झालीय ना, घोळ तिथे आहे. आणि ही समजूत खोटी ठरवणारी एक फ्रेंच बाटली १९६६ सालापासून बाजारात आहे. तिचं नाव ओ सोव्हाज. ख्रिश्चन दिओर या पॅरिसच्या घराण्याची. नावाचा अर्थ 'रानटी पाणी', आणि स्वभाव एकदम उलटा.

(नाही, जॉनी डेपच्या जाहिरातीतला तो हा नव्हे! तो नुसता 'सोव्हाज', २०१५ सालचा, त्याच घराण्यातला. त्याच्याबद्दल पुढे बोलू.)

ही बाटली विकत घ्यायची माझी ऐपत नाही, हे आधीच सांगतो. माझी आणि तिची गाठ पडली ती उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगमध्ये. सुगंधी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्हाला सहा आठवडे पाठवलं होतं. रिअॅक्टर, कॉलम, व्हॅक्यूम पंप, सगळं पुस्तकात असतं तसंच, फक्त गळती जास्त. तिथे तपासणीच्या लॅबमध्ये एक मॅडम होत्या. रोज शंभरेक कागदी पट्ट्या हुंगणं हे त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पट्टी एका पाण्यासारख्या द्रवात बुडवून माझ्या हातात दिली.

"काय येतं?"

"काही नाही, मॅडम."

"बरं. खिशात ठेव आणि चहा पिऊन ये."

चहा पिऊन आलो, पट्टी काढली, आणि जिन्यातच थांबलो. फुलाचा वास आला असं म्हणता येणार नाही. लांबून कुणीतरी गजरा माळून गेलंय आणि आपल्याला फक्त ती गेल्याचं कळलंय, असं काहीतरी. थोडं लिंबाच्या सालीसारखं, थोडं पावसानंतरच्या मोकळ्या हवेसारखं. त्या द्रवाचं नाव हेडिओन. रसायनशास्त्रात मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट. मॅडम म्हणाल्या, हे ज्यानं पुरुषांच्या बाटलीत पहिल्यांदा नीट वापरलं त्याचं काम बघ, आणि कपाटातून ओ सोव्हाज काढली.

आता थोडं केमिकलवाल्यांसाठी. बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, मेकॅनिकलवाले गाळतीलच. जिनिव्हाच्या फिर्मेनिश कंपनीत एदुआर देमोल नावाचा रसायनशास्त्रज्ञ जाईच्या अर्काची चिरफाड करत होता. जाईचा अर्क म्हणजे सोन्याचा भाव; काही शे किलो फुलं घातली तेव्हा कुठे एक किलो हाताला लागतो. त्या अर्कात बेंझिल अॅसिटेटसारखे मोठाल्या प्रमाणातले घटक आधीच माहीत होते, पण ते सगळे मोजून मिसळले तरी जाई काही होत नव्हती. देमोलला त्यात अगदी थोडं मिथाइल जॅस्मोनेट सापडलं. त्याच्या शेपटीतला दुहेरी बंध घालवून दोन हायड्रोजन जोडले की झालं हेडिओन : तेरा कार्बन, बावीस हायड्रोजन, तीन ऑक्सिजन, रेणुभार २२६. सायक्लोपेंटॅनोन आणि पेंटॅनालपासून सुरुवात करून अल्डॉल, मग मॅलोनेटचं मायकेल अॅडिशन. म्हणजे आपण तिसऱ्या वर्षी ऑर्गॅनिकच्या पेपरात ज्या दोन अभिक्रिया रट्टा मारून लिहितो, त्याच. ते लिहिताना त्यातून वास येतो हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. हेडिओनमध्ये सिस आणि ट्रान्स अशी दोन रूपं असतात. नेहमीच्या मालात ट्रान्सच जास्त, आणि वास मात्र मुख्यतः त्या थोड्याशा सिसचा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा पदार्थ सुगंधकारांच्या टेबलावर आला तेव्हा अनेकांना तो पहिल्या दिवशी मला वाटला तसाच वाटला असणार : बिनवासाचा. मग त्याचं करायचं काय?

इथे एदमाँ रुदनित्स्का येतो. जन्म नीसचा, १९०५ चा. सुगंधाचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रासजवळ, काब्री इथे त्यानं घर आणि प्रयोगशाळा थाटली होती. १९४४ चा 'फाम' त्याचाच. महायुद्धाच्या काळात केलेला, पिकलेल्या फळासारखा, जड आणि श्रीमंत. पण नंतर त्याला या जडपणाचा कंटाळा आला. सुगंध मिठाईसारखे गोड आणि गच्च व्हायला लागलेत असं त्याचं मत झालं, आणि तो वस्तू काढून टाकायला लागला. १९५६ च्या 'दिओरिसिमो'साठी त्यानं 'म्युगे' नावाचं एक पांढरं घंटेसारखं फूल आपल्या बागेत लावलं आणि त्याचा वास घेत बसला. त्या फुलाचा अर्क काढता येत नाही. जो काही वास करायचा तो इतर पदार्थांतूनच. फूल शेजारी ठेवायचं, मिश्रण हुंगायचं, त्यातलं नको ते गाळायचं. आपण डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टीच्या नावाखाली लोखंड वाढवत जातो. हा माणूस नेमका उलट्या दिशेनं चालला होता.

मग पुरुषांच्या सुगंधाचं काम आलं. तेव्हा पुरुषांकडे पर्याय काय होते? एक म्हणजे कोलोन. १७०९ साली कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन माणसानं धंदा सुरू केला तेव्हापासूनची लिंबू-संत्र्याच्या सालींची रीत. लावलं की प्रसन्न, अर्ध्या तासात गायब. दुसरा म्हणजे लव्हेंडर आणि कूमरिनचा, १८८२ च्या 'फूजेर रोयाल'पासून चालत आलेला दाढीच्या दुकानाचा वास. टिकाऊ, पण दणकट. १९६४ मध्ये आलेला 'ब्रूट' याच घराण्यातला, आणि त्याचं नाव त्याला शोभतं.

कोलोन पळून जातं त्यात त्याचा दोष नाही. लिंबाच्या सालीत लिमोनीन असतं, रेणुभार १३६, उकळबिंदू १७६ अंश. हेडिओनच्या मानानं त्याचा बाष्पदाब हजारपटीहून जास्त. ते थांबणार कसं? थांबवायचा नेहमीचा उपाय म्हणजे खाली जड पदार्थ घालायचे. चंदन, कस्तुरीच्या जातीची रसायनं, व्हॅनिला. लिंबू थोडं रेंगाळतं खरं, पण तोवर त्याचं लोणचं झालेलं असतं.

रुदनित्स्कानं जड न करता टिकवायचा मार्ग काढला. ओ सोव्हाजमध्ये हेडिओन आहे दोन टक्क्यांच्या आसपास. एवढंच. पुढे लोकांनी इतर सुगंधांत याच्या कैकपट घातलं, पण रुदनित्स्काला दोन पुरले. हेडिओन हळू उडतं, तासन् तास राहतं, आणि स्वतः जवळपास गप्प असतं. लिंबू गेल्यावर जी जागा रिकामी होते तिथे ते दुसरी जड वस्तू आणून ठेवत नाही, त्या जागेत हवा खेळती ठेवते. लिंबू गेलंय हे आपल्याला कळतच नाही.

मॅडमनी एकच फवारा माझ्या मनगटावर मारला आणि दिवसभर हात धुवायचा नाही असा हुकूम केला. सकाळी दहा वाजता लिंबू, बर्गमॉट (इटलीच्या कालाब्रियातलं आंबट फळ, खायला नालायक, सालीला राजा), आणि त्यात हिरवट काहीतरी. मॅडम म्हणाल्या, रोझमेरी आणि बेसिल. बेसिल म्हणजे आपला सब्जा, तुळशीचा चुलतभाऊ. साडेदहाला लिंबाची धार बोथट झाली आणि पट्टीवरचा तो 'गजरा माळून गेलेला' वास आला, पण फूल म्हणून नाही; फक्त हाताभोवतीची हवा धुतल्यासारखी झाली. दुपारी कॉलमजवळ घामाघूम होऊन उभा होतो तेव्हा खालचे दोघे वर आले. एक ओळखीचा निघाला : वाळा! आजोळी माठात टाकतात तो. दुसरा काही केल्या ओळखू येईना. ओलसर, मातकट, थोडा शाईसारखा. मॅडमनी सांगितलं, ओकमॉस. नावात शेवाळ असलं तरी ते शेवाळ नाही, ओक झाडावर वाढणारं लायकेन आहे. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल असतं त्याच बिरादरीतलं. फ्रान्समध्ये ते बाटलीत घालतात, आपण आमटीत.

(आज दुकानात मिळणारी बाटली तंतोतंत १९६६ ची नाही, हेही सांगायला हवं. ओकमॉसमधल्या अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल या घटकांनी काहींच्या त्वचेला अॅलर्जी होते, म्हणून युरोपियन युनियननं २०१७ च्या नियमानं त्यांच्यावर बंदी घातली. ओकमॉस वापरायचं तर ते आता साफ करून घ्यावं लागतं. जुने शौकीन कुरकुरतात. मला जुनी माहीतच नाही, त्यामुळे मी सुखी आहे.)

संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या काकांना काहीही कळलं नसणार. मला मात्र हात नाकाजवळ नेला की कळत होतं. हातभर अंतराच्या आत येईल त्यालाच ऐकू जाईल इतका आवाज. हे कमी दर्जाचं म्हणून हळू नव्हतं. ठरवून, वर्षानुवर्षं खपून हळू केलेलं होतं. मी तर म्हणतो, मोठा वास करणं सोपं आहे. त्या २०१५ च्या 'सोव्हाज'मध्ये अॅम्ब्रॉक्सनचा जो दणका आहे तो जिन्याच्या खालून वर येतो. विकला प्रचंड जातो, मलाही तो वाईट वाटत नाही. पण नाव एका शब्दानं कमी केलं आणि आवाज दहापट वाढवला, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्या व्हरांड्याकडे येतो. आपण अर्धा डबा का मारतो? पहिलं कारण सरळ आहे. नाक सरावतं. कोणताही वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू तो ऐकायचा बंद करतो. लावणाऱ्याला वाटतं, उडाला. तो पुन्हा मारतो. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत, सेन्सर सॅच्युरेट झालाय आणि ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडतच चाललाय. शेजारी मात्र आत्ताच खोलीत आलेला असतो, त्याचं नाक कोरं असतं. शिवाय वासाचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. दुप्पट मारलं म्हणून दुप्पट वास जाणवत नाही, त्याहून बराच कमी जाणवतो. म्हणजेच उलट बघा : चार फवाऱ्यांऐवजी एकच मारला तर सुगंध पाव होत नाही, चांगला अर्ध्याच्या आसपास उरतो. फुकटची बचत आहे ही, आणि इथे कँटीनमध्ये दोन रुपयांसाठी भांडणारे आपण ती सोडून देतो! त्यात आपले बहुतेक डबे म्हणजे अल्कोहोल आणि ज्वलनशील गॅस, सुगंध त्यात जेमतेम. दम्याच्या माणसाला त्रास द्यायला तेवढं पुरतं.

दुसरं कारण शास्त्रातलं नाही. ते लिहायचं की नाही यावर आमच्या खोलीत बरीच चर्चा झाली. ज्याचं आहे त्याला विचारूनच लिहितोय.

त्या सकाळी ज्यानं अर्धा डबा मारला तो माझा पार्टनर दर शनिवारी गावी जातो. घरी सहा म्हशी. धारा काढणं, शेण काढणं, चुलीवरचं पाणी. सोमवारी पहाटेच्या एसटीनं येतो तो थेट लेक्चरला. पहिल्या वर्षी एका सोमवारी मागच्या बेंचवरून कुणीतरी म्हणालं, "म्हैस आली रे." वर्ग हसला. मीही हसलो होतो, हे लिहितो. तेव्हापासून त्याचा डबा बारा-तेरा दिवसांत संपतो. मेसचं बिल थकेल, पण डबा येतो. त्याला कुणाला खूश करायचं नव्हतं की भुलवायचं नव्हतं. त्याला फक्त एक वास पुसून टाकायचा होता, आणि तो स्वतःला येतोय की नाही हे सांगायला त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. दवाखान्यातून परत आलेल्या दोस्ताची त्यानं माफी मागितली तेव्हा तो नेमकं एवढंच म्हणाला, "मला वाटलं, अजून येतोय."

बंदी आणली तर अशा पोरांचं काय होईल? तो लपून मारेल, बाथरूममध्ये कोंडून घेऊन मारेल. आणि 'आमची मर्जी' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, तीन कॉटच्या खोलीत हवा कुणाच्या मालकीची असते?

ट्रेनिंगहून येताना मॅडमनी दिलेल्या दोन पट्ट्या मी वहीत घालून आणल्या होत्या, एक हेडिओनची, एक जाईच्या खऱ्या अर्काची. दोन्ही पार्टनरला दिल्या. हेडिओन हुंगून तो म्हणाला, "याला वासच नाही." मी म्हटलं, चहा पिऊन ये. जाईची पट्टी हुंगून मात्र त्यानं तोंड वाकडं केलं. "फूल आहे, पण आत काहीतरी घाण आहे." बरोबर होतं त्याचं. जाईत इंडोल असतं, थोडं पॅरा-क्रेसॉलही असतं. ते काढलं तर जाई प्लॅस्टिकची वाटते. आणि हेच दोन पदार्थ गोठ्यातल्या वासातही असतात, तिथे प्रमाण आणि शेजार वेगळा. मी पुस्तक उघडून दाखवलं. तो दोनदा वाचून म्हणाला, "म्हणजे वर्गातल्या त्या शहाण्याला सांगायचं का, की जाईत म्हैस आहे म्हणून?"

रेक्टर सर, बंदी नको. दोन गोष्टी करता येतील. प्रत्येक मजल्यावर व्हरांड्याचं ते टोक, जिथे दोन्ही बाजूंनी वारा येतो, ते स्प्रेसाठी ठरवून द्या; खोलीत मारायचा नाही एवढाच नियम. आणि कपडे वाळत घालायला गच्चीचं कुलूप सकाळी उघडं ठेवा. उन्हात वाळलेल्या शर्टाला निम्मा डबा लागतच नाही. ज्याला सुगंध हवाच आहे त्यानं ओ सोव्हाजच घ्यावं असं मी म्हणत नाही, ती किंमत आपली नाही. वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब कानामागे लावला तरी संध्याकाळपर्यंत जातो. लावल्यावर दहा मिनिटांनी पार्टनरला विचारायचं, हातभर लांबून येतोय का? येत असेल तर उद्या कमी. सेन्सर स्वतःचा नाही, त्याचा वापरायचा.

आम्ही हे दोन महिने करून बघतोय. परवा सोमवारी पार्टनर पहाटे आला, आंघोळ करून व्हरांड्याच्या टोकाला गेला, एक फवारा मारला आणि दारात हात लांब करून उभा राहिला. दम्यावाला पांघरुणातून नाक बाहेर काढून म्हणाला, "डिओ येत नाहीये. चुलीचा थोडा येतोय."

"मग बदलू का शर्ट?"

"राहू दे. डब्यात काय आणलंयस ते काढ आधी."